खांद्यावरचं भोक

१४ सप्टेंबर २००८, रविवार

रमझान असल्यामुळे ऑफिस तीनला सुटतं. त्याआधी तिसरी पेटी उघडली. चौदा भांडी, सगळी धड. एकूण एक्केचाळीस झाली.

क्रमांक २३ बसकं आणि गोल आहे. वर दोन तोट्या आणि त्यांना जोडणारी चपटी मूठ. अंगावर लाल, पांढऱ्या आणि करड्या रंगात लांब चोचीचे पक्षी. रंग भाजण्याआधी दिलेला, मग घासून चकाकी आणलेली. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, दीड हजार वर्षांपूर्वीचं, थडग्यात माणसाशेजारी ठेवलेलं. पेटीतला कागद म्हणतो की १९२५ साली शास्त्रज्ञांच्या उत्खननात मिळालं आणि तिथल्या सरकारच्या परवानगीने युरोपात आलं.

खांद्यावर एक भोक आहे, पेन्सिल जाईल एवढं. कड लालसर. भांडं हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं. धान्य असावं.

चित्र काढायला बसलो. पुण्यात अठरा वर्षं उत्खननातल्या भांड्यांची चित्रं काढली. उजवीकडे बाहेरचं अंग, डावीकडे छेद. भोक उजवीकडे येईल असं भांडं फिरवून घेतलं. दुबईत येऊन अडीच वर्षं टॉवरचे जिने आणि संडास काढतो आहे, हात विसरला असेल असं वाटलं होतं. विसरला नव्हता.

ॲल्फ्रेड डोकावून गेला. तो आमचा ऑफिस मॅनेजर, वसईचा, आमच्या मालकांचा, हमीदसाहेबांचा, उजवा हात. साहेब अल रीम आयलंडवर टॉवर बांधत आहेत आणि ही भांडी त्याच्या तळमजल्यावर काचेत लागणार आहेत.

“फुटलंय काय रे हे, दत्ता?”

“फुटलेलं नाही. पाडलेलं आहे.”

त्याला सांगितलं. आपल्याकडे मुलगा मडकं खांद्यावर घेऊन चितेला फेऱ्या घालतो. दर फेरीला मागचा माणूस दगडाने मडक्याला भोक पाडतो. गेल्या वर्षी बाबांच्या वेळी काकांनी पाडलं, पाणी माझ्या पाठीवरून टाचेपर्यंत गेलं. हे भोकही बरोबर खांद्यावर आहे.

त्याने खाली वाकून भोक बघितलं. “हे लिहून ठेव,” म्हणाला.

१७ सप्टेंबर, बुधवार

भोकाबद्दल मी लिहून ठेवलेली ओळ साहेबांना आवडली. अर्धं पान हवं आहे. आणखी भांड्यांना असं भोक आहे का तेही विचारलं आहे. शोधलं. ९ आणि ३१ यांनाही आहे. कॅलिपरने मोजलं: नऊ मिलिमीटर, नऊ, साडेनऊ.

आपल्याकडे दगडाने पाडलेल्या भोकाची कड वेडीवाकडी असते. इथे तिन्ही गोल आहेत. त्यांच्याकडे साधन चांगलं असावं.

इंग्रजीत अर्धं पान लिहिलं. भारतात आजही असं करतात, त्यावरून तर्क करता येतो की तिथेही भांड्याला भोक पाडून ते मृताला वाहत असावेत. ‘असावेत’ हे मुद्दाम लिहिलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. प्रमिलाला मीना बाझारमध्ये ब्लाउजपीस हवे होते. परत येताना तिला अर्ध्या पानाबद्दल सांगितलं.

“बाबांचं तुम्ही ऑफिसात कशाला सांगितलंत?”

“विषय निघाला.”

“पाठीवरून पाणी गेलं ते मलाही सांगितलं नव्हतंत.”

घरी शुभ्राने पान वाचलं. तिची दहावी आहे, मार्चमध्ये बोर्ड.

“हाऊ डू यू नो, बाबा?”

“आपल्याकडे असतं.”

“बट दे आर नॉट अस.”

तिला इतिहास कधीच आवडला नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ॲल्फ्रेडने पान टाइप करून लेटरहेडवर आणलं. इंग्रजी सफाईदार केलं आहे. ‘भारतात’ हा शब्द गेला आहे आणि ‘असावेत’च्या जागी ‘असत’ आलं आहे. शेवटी लिहिलं आहे की ही प्रथा लेखकाने प्रत्यक्ष पाहिलेली आहे. ते खोटं नाही. माझ्या नावाखाली ‘अंत्यविधीच्या भांड्यांचे तज्ज्ञ’.

म्हटलं, हे जरा जास्त होतंय.

“लेटरहेडवर माणूस थोडा उंच दिसायला पाहिजे रे,” ॲल्फ्रेड म्हणाला. “साहेबांनी एअरपोर्टला निघायच्या आत मागितलंय. यल्ला, चल लवकर.”

सही केली. नाव दत्तप्रसादऐवजी दाताप्रसाद पडलं आहे. परत टाइप करायला लावलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मंदीमुळे रीमवरचं काम थांबलं. एकोणीस मजले झाले होते. ड्रॉइंगच्या हॉलमध्ये आम्ही अकरा जण होतो, आज चार आहोत. ज्यांना काढलं त्यांची टेबलं तशीच आहेत, एकावर चष्मा राहिला आहे.

ॲल्फ्रेड म्हणाला, “तू भांड्यांवर आहेस म्हणून वाचलास.”

भांडी विकायची ठरली आहेत. टॉवरच नाही तर ती कुठल्या काचेत लावणार? युरोपातलं एक गिऱ्हाईक बघायला माणूस पाठवणार आहे.

घरी पूर्ण सांगितलं नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि तीस दिवसांत देश सोडावा लागतो. शुभ्राची परीक्षा शंभर दिवसांवर आहे. एवढं प्रमिलालाही मोजता येतं.

२४ डिसेंबर, बुधवार

ॲल्फ्रेडने नाताळचे घरचे फुगे आणले, त्याच्या बायकोने तळलेले मैद्याचे गोड गोळे. कॉन्सेप्टा दर वर्षी आठवणीने माझ्यासाठी अंडं न घालता वेगळा घाणा काढते. अशी माणसं आहेत म्हणून परक्या मुलखात दिवस जातात.

१३ जानेवारी २००९, मंगळवार

आज झालं ते क्रमाने लिहितो.

गिऱ्हाइकाने पाठवलेला माणूस म्हणजे लिमाच्या एक बाई निघाल्या. साठीच्या, बुटक्या, पांढरे केस कापलेले. आयुष्य याच भांड्यांत गेलेलं. ॲल्फ्रेडने त्यांना कॅमेरा बाहेर ठेवायला लावला आणि मग फोन घ्यायला गेला. खोलीत आम्ही दोघंच.

त्यांनी सगळी भांडी हातात न घेता बघितली, टेबलाभोवती हळूहळू फिरून. माझी चित्रं बघितली आणि चांगली आहेत म्हणाल्या. मग माझं अर्धं पान वाचलं. दोनदा.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“तुम्ही हे पाहिलंय? पेरूत?”

“भारतात. माझ्या वडिलांच्या वेळी. मडकं माझ्याच खांद्यावर होतं.”

त्या हसल्या नाहीत. २३ नंबर उचललं, कानाशी धरून हलवलं. कापूस मागितला, तो टेबलावर पसरला आणि भांडं उलटं करून तोटीतून बाहेर काही येतं का ते बघत बसल्या. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. शेवटी एक तुकडा पडला. नखाएवढा, एका अंगाला पक्ष्याच्या पंखाचा करडा रंग. चिमट्याने तो भोकावर धरला. बसला.

मग भिंग माझ्या हातात दिलं. “कडेचा रंग कसला आहे?”

“लाल. माती.”

“माती आतल्या बाजूला बघा.”

आतली माती फिकट विटकरी होती. कडेवरचा रंग तिच्यावर बसलेला होता, नखाने निघण्यासारखा. गंज होता.

“या लोकांकडे लोखंड नव्हतं,” त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी हळू, शिकवल्यासारखं सांगितलं. तिकडे थडगी चोरणारे लांब लोखंडी सळई घेऊन वाळूत हिंडतात. जागोजाग खुपसतात. जिथे सळई सहज खाली जाते तिथे कधीतरी खणलेलं असतं, म्हणजे खाली माणूस पुरलेला असतो. कधी ती भांड्यातूनच आरपार जाते. शास्त्रज्ञ असं करत नाहीत. म्हणजे १९२५चा कागद बनावट आहे. ही भांडी चोरीची आहेत आणि त्यांच्या देशाला ती परत मागता येतील.

“पण भोक पूजेचं असेल तर काही प्रश्नच येत नाही,” त्या म्हणाल्या आणि माझं पान टेबलावर ठेवलं.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

“ते दिसतंय.”

मी विचारलं की तुम्ही हे आता सांगाल ना. त्या म्हणाल्या की गिऱ्हाइकाला सांगेन, तो घेणार नाही. त्यापलीकडे बोलायचं नाही असं त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे. जाताना कार्ड दिलं. तुकडा कापसात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. “हा हरवू नका.”

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. प्रमिलाने तिळगूळ दिला तो खिशात घेऊन ऑफिसला गेलो. ॲल्फ्रेडला सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. त्याला खरंच माहीत नसावं.

“आणि तो तुकडा?”

दाखवला.

“तुझ्या ड्रॉवरला कुलूप नाही,” तो म्हणाला. “माझ्या कपाटाला आहे. दे इकडे.”

दिला. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं. मग मी तिळगूळ काढला. दोघांनी खाल्ला.

१८ जानेवारी, रविवार

बाईंच्या गिऱ्हाइकाने नको म्हणून कळवलं. वाटलं, आता भांडी इथेच राहतील आणि सावकाश काहीतरी करता येईल. दुपारी ॲल्फ्रेड म्हणाला, दुसरा मिळाला. त्याला तज्ज्ञ पाठवायचा नाही, कागद पुरे आहेत. त्याला सगळ्यात जास्त ती तीन भोकवालीच हवी आहेत.

“तुझ्या पानामुळे,” तो म्हणाला. माझी चेष्टा करत नव्हता.

मी म्हटलं, पान परत घ्यायला हवं.

“दत्ता, बस. तुझी पोरगी कितवीत?”

“तुला माहीत आहे.”

“परीक्षा कधी?”

“दोन मार्चला सुरू.”

“माझी पोरगी पाचवीत आहे. साहेब आता अम्मानला आहेत, उद्या कुठे असतील देव जाणे. मी इथे आहे, तू इथे आहेस. तू पान मागे घेतलंस तर काय होईल? पेरूवाले विमान पाठवतील आणि भांडी घेऊन जातील? काही होणार नाही. फक्त तू आणि मी जाऊ. खलास.”

मी उठून माझ्या टेबलाकडे गेलो.

२२ जानेवारी, गुरुवार

मार्ग काढला. पान मागे घेत नाही, त्याला दुरुस्ती जोडतो. तीन वाक्यं. भोकं लोखंडी सळईची आहेत. पूजेबद्दलचं माझं म्हणणं चुकीचं होतं. एका भोकाचा तुकडा ऑफिसात जपून ठेवला आहे. खाली सही, या वेळी नाव बरोबर.

ॲल्फ्रेडने वाचलं. “बरं. दे, मी पेटीबरोबर लावतो.”

इतक्या सहज मानेल असं वाटलं नव्हतं. घरी जाताना अब्र्यात, खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसलो तर वारा होता. चार महिन्यांत प्रथमच भूक लागली.

प्रमिलाला सांगितलं. ती म्हणाली, “त्याच्यासमोर चिकटवलंत, की त्याच्या हातात दिलंत?”

“हातात दिलं.”

तिने पोळी वाढली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भांडी गेली. पॅकिंग मीच केलं, माझ्याइतकं कोणी करू शकलं नसतं. प्रत्येकाला मऊ कागद, मग फोम, मग खोक्यात खोकं. २३ शेवटी ठेवलं. आता खुळखुळत नाही.

कागदांचं पाकीट ॲल्फ्रेडने आधीच बंद करून ठेवलं होतं. दुरुस्ती आत आहे ना, असं विचारलं. “आहे रे बाबा,” म्हणाला. उघडून दाखव म्हणणं बरं दिसलं नसतं.

१ एप्रिल, बुधवार

शुभ्राचा शेवटचा पेपर सोमवारी झाला. काल मला पत्र मिळालं. भांडी नाहीत, टॉवर नाही, म्हणून जागा नाही. ॲल्फ्रेडने स्वतः आणून दिलं आणि समोर बसून राहिला. त्याने माझी परीक्षेपर्यंतची मुदत साहेबांकडून मागून घेतली होती, हे मला तेव्हा कळलं. रीमवर काम केलेल्या एका एसीच्या कंपनीत त्याने माझ्यासाठी शब्दही टाकला आहे. पगार अर्धा, फॅमिली व्हिसा नाही.

“घे,” तो म्हणाला. “पुण्यात तुझी कोण वाट बघतंय?”

घेतलं. निघताना तुकडा मागितला. म्हणाला, ऑफिस आवरताना कपाटं हलवली, शोधून ठेवतो, इन्शाल्ला.

२४ एप्रिल, शुक्रवार

प्रमिला आणि शुभ्रा गेल्या. शुभ्रा अकरावी पुण्यात करेल. एअरपोर्टवर म्हणाली, “टेक केअर, बाबा,” आणि मग मराठीत म्हणाली, “जेवत जा.”

देरात खोली मिळाली आहे. चौघांत एक. पत्ता डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, पण पत्ता कोणाला द्यायचा आहे असं नाही.

१० ऑक्टोबर २०१०, रविवार

दीड वर्ष लिहिलं नाही. एसीच्या पाइपांची ड्रॉइंग काढतो. त्यावर लिहिण्यासारखं काही नसतं.

शुभ्राने आज मेल पाठवली. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी शोधत होती, त्यात हे सापडलं. खाली तिचं एकच वाक्य: “बाबा, इज धिस यू?”

युरोपातल्या एका लिलाववाल्यांची यादी. ९, २३ आणि ३१. माझी चित्रं, माझा छेद, माझी जाड रेघ. त्याखाली अर्धं पान शब्दशः, लेखक दाताप्रसाद, अंत्यविधीच्या भांड्यांचे तज्ज्ञ. दुरुस्ती कुठेच नाही. पाकिटातून वाटेत पडली असावी. दोन कंपन्यांच्या हातून गेलेलं पाकीट.

ॲल्फ्रेडला फोन लावला. नंबर बंद आहे. ओळखीच्याने सांगितलं, मार्चमध्येच कुटुंबासकट कॅनडाला गेला. बिचाऱ्याला निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नसेल.

यादीत आणखी एक भांडं आहे, आमच्याकडचं नव्हे. त्यालाही खांद्यावर भोक. त्याच्याखाली लिहिलं आहे: विधिपूर्वक पाडलेलं, पाहा दाताप्रसाद.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

चार दिवस तेच डोक्यात आहे. ऑफिसात पाइप काढताना दोनदा छेद उलटा काढला.

ठरवलं. आता कोणी हिरावून घ्यावं असं माझ्याकडे काही नाही. घर पुण्यात आहे, परीक्षा झाली आहे. पूर्ण निवेदन लिहायचं, दुरुस्तीसारखं तीन वाक्यांचं नव्हे. मी कोण, काय पाहिलं, कुठे चुकलो, बाईंनी काय दाखवलं, तुकडा कोणाकडे दिला. लिलाववाल्यांना पाठवायचं आणि एक प्रत लिमाच्या बाईंना. त्यांचं कार्ड पासपोर्टमध्ये आहे.

नुसत्या सहीवर कोण विश्वास ठेवणार? ती वकिलातीतून साक्षांकित करून घ्यायची.

४ नोव्हेंबर, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून बर दुबईला गेलो. रांगेत अडीच तास. पुढचा माणूस जन्मदाखल्यासाठी आला होता. खिडकीतल्या माणसाने पासपोर्टवरची सही आणि माझी सही ताडून बघितली आणि शिक्का मारला. निवेदन चार पानी झालं आहे. पहिल्याच ओळीत लिहिलं आहे की यादीतलं अर्धं पान मीच लिहिलं आणि त्यावरची सही माझीच आहे. आधी स्वतःची चूक कबूल करावी, मग बाकीचं, असं वाटलं.

दोन्ही पाकिटं रजिस्टर केली. देवळाच्या गल्लीत पणत्या मांडल्या होत्या. दोन घेतल्या. खोलीत लावायला परवानगी नाही, पण घेतल्या.

२ मार्च २०११, बुधवार

बाईंचं उत्तर आलं. इंग्रजी साधं आहे, तरी तीनदा वाचलं.

त्या आता लिमाच्या एका म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या देशाने त्या तीन भांड्यांसाठी लिलाववाल्यांच्या देशातल्या कोर्टात दावा लावला होता, मी लिहायच्या आधीपासून. मला ते माहीत नव्हतं. त्या स्वतः साक्ष देऊ शकत नव्हत्या, कारण पूर्वी न बोलण्याचं लिहून दिलेलं आणि आता एका बाजूच्या नोकरीत. तुकडा नाही, फोटो नाही. म्हणून त्यांच्या वकिलांनी एकच मुद्दा धरला होता: ते अर्धं पान बनावट आहे. हमीदसाहेबांची कंपनी बंद पडलेली, लेटरहेड कोणीही छापेल, आणि दाताप्रसाद नावाचा तज्ज्ञ जगात कुठे सापडत नाही. दोन तारखांना न्यायाधीशांनी हे मान्य केल्यासारखं दिसत होतं. समोरच्यांना माणूस हजर करता येत नव्हता.

मग लिलाववाल्यांनी माझं निवेदन कोर्टात ठेवलं.

माणूस आहे. पत्ता आहे. भारत सरकारच्या शिक्क्याने ओळख पटलेली आहे. अर्धं पान त्याचंच आहे असं तो पहिल्याच ओळीत म्हणतो. कोर्टाने दोन्ही सह्या तपासायला दिल्या. एकाच हाताच्या निघाल्या. चार पानांतल्या बाकीच्या मजकुराबद्दल समोरचा वकील म्हणाला की कामावरून काढलेला नोकर नंतर काय लिहितो याला महत्त्व नाही. पान लिहिलं तेव्हा तो तज्ज्ञ होता.

दावा गेल्या महिन्यात फेटाळला. भांडी विकली गेली आहेत, कोणाला ते सांगत नाहीत.

बाई रागावलेल्या नाहीत. शेवटी लिहितात की तुमचा हेतू मला समजला, फक्त पाठवण्याआधी मला एक ओळ लिहायला हवी होती. आणि त्यांना रेकॉर्डसाठी हवं आहे, की हे पत्र मला मिळालं असं मी सही करून कळवावं.

उत्तर लिहायला घेतलं. मिळालं, एवढंच लिहिलं. खाली सही करायला पेन टेकवलं आणि तसाच बसून राहिलो. अजून पाठवलेलं नाही.